आधी गुडघ्यावर, मग पायावर

आमच्या वस्तीतील विहाराच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसहाला ज्युदोचा वर्ग भरतो. पंचवीस-तीस मुले-मुली येतात. हॉल लहान, खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर वर्गणीतून घेतलेल्या पातळ मॅट. जागा कमी असल्यामुळे सर मुलांना गुडघ्यावर बसवून झोंबी खेळायला लावतात. मागच्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा असाच दोन्ही टाचांवर बसला होता. समोरच्या मुलाने त्याला छातीशी धरले आणि सरळ मागे रेटले. पाय अंगाखालीच अडकून राहिले, अंग मागे गेले आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. शेजारच्या जोडीलाही तो ऐकू गेला.

त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. कुणीतरी म्हणाले, गरम तेलाने चोळा. तिने चोळले. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे नेले, त्याने पाय ओढून पाहिला. गुडघा भोपळ्यासारखा फुगला. आठव्या दिवशी दवाखाना गाठला तेव्हा कळले, की बाजूच्या लिगामेंटला आणि आतल्या गादीला इजा झाली आहे. मुलाचे चार महिने घरात गेले. त्याला दवाखान्यात नेण्या-आणण्यात आईचे किती खाडे झाले, ते तिने मोजले नाहीत. तिच्या मालकिणींनी मात्र मोजले.

यानंतर वस्तीत दोन मते झाली. काही जण म्हणाले, हे गुडघ्यावरचे खेळ बंद करा, कुस्ती उभ्याने खेळायची असते. काहींचे म्हणणे, वर्गच बंद करा, निदान मुलींना तरी पाठवू नका. आम्ही या पानासाठी लिहिणारे काही जण त्यानंतर महिनाभर त्या हॉलच्या भिंतीला टेकून बसत होतो. मुलांचा सराव पाहिला. ज्युदोच्या शिक्षकांना, तालमीतल्या एका जुन्या वस्तादांना आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारले. त्यातून आमचे जे मत झाले ते या दोन्ही मतांपेक्षा वेगळे आहे. गुडघ्यावरून सुरुवात करणे योग्यच आहे. आपल्यासारख्या लहान हॉलमध्ये तर ते गरजेचे आहे. पण ते कसे करायचे हे कुणी शिकवत नाही आणि कधी थांबवायचे हेही ठरलेले नाही. दुखापत तिथून होते.

आधी डोके वाचवा

ज्युदो, कुस्ती, जुजुत्सू या पकडीच्या खेळांत समोरच्याला खाली घेणे हा अर्धा खेळ आहे. खाली घेतला जाणारा मुलगा पडतो आणि पडताना सगळ्यात नाजूक वस्तू असते त्याचे डोके. उभ्या मुलाला गुडघ्यावर आणले की तेच डोके हातभर खाली येते. पायाला आकडी घालून मागे पाडले की डोक्याचा मागचा भाग ज्या जोराने आपटतो, तो जोर गुडघ्यावर असताना बराच कमी होतो. नवख्या मुलाला गुडघ्यावरून शिकवण्याचे खरे कारण हे आहे. जागा वाचते हा त्याचा दुसरा फायदा.

ज्या देशात ज्युदो जन्मला, त्या जपानने याची फार मोठी किंमत मोजली आहे. तिथे शाळांमध्ये ज्युदो शिकवतात. नागोया विद्यापीठाचे प्राध्यापक रियो उचिदा यांनी शाळांतील अपघातांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळेच्या ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावल्याचे पुढे आले. त्यात डोक्याला मार लागून गेलेली मुले फार होती आणि नुकतीच शिकायला लागलेली मुले पुष्कळ होती. मुले गमावलेल्या, जायबंदी झालेल्या पालकांनी २०१० मध्ये आपली संघटना उभी केली आणि जाब विचारला. मग शिकवण्याच्या पद्धतीत बदल झाले आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. पालकांनी तोंड उघडले म्हणून हे झाले, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

चांगल्या शिक्षणाची पायरी अशी असते. आधी पाठीवर झोपून हाताने मॅटवर थाप मारायची आणि हनुवटी छातीला टेकवून ठेवायची. मग बसून मागे पडायचे. मग उकिडवे बसून. मग गुडघ्यावरून. सगळ्यात शेवटी उभ्याने. ज्युदोत या पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी ठेवण्याची सवय अंगात मुरली, की मूल झोपेतही डोके आपटू देणार नाही. ज्या वर्गात पहिल्या आठवड्यातच मुलांना उभ्याने फेकाफेकी करायला लावतात, त्या वर्गातून आपले मूल घरी आणावे.

गुडघ्यावरून काय शिकता येते

‘गुडघ्यावरची झोंबी म्हणजे पोरांचा खेळ’ असे म्हणणाऱ्यांनी तालीम आठवावी. आपल्या कुस्तीत खालची कुस्ती म्हणून वेगळा भाग आहेच. खाली गेलेल्या मल्लावर सवारी करणे, घिस्सा मारणे, त्याची पाठ मातीला लावणे, हे सगळे गुडघे टेकूनच चालते. कलाजंग मारणारा मल्ल समोरच्याच्या काखेखालून शिरतो तेव्हा त्याचाही गुडघा जमिनीला लागतो. पट काढायला शिरतानाही बहुतेक वेळा एक गुडघा खाली जातो.

गुडघ्यावर असताना मुलाला पळता येत नाही, उडी मारता येत नाही. म्हणून त्याला हात, छाती आणि तोल यांचा वापर शिकावाच लागतो. समोरच्याचा हात मनगटाशी आणि दंडाशी धरून आपल्याकडे ओढायचा आणि त्याच्या बाजूने पाठीमागे जायचे. मानेमागे हात घालून त्याला पुढे खेचायचे, तो हात टेकेल तेव्हा फिरून पाठ घ्यायची. तो जोर लावून पुढे आला, तर त्याचाच जोर बाजूला वळवून त्याला कडेवर टाकायचे. अंगापिंडाने लहान मूल मोठ्याला कसे हलवू शकते, हे इथे पहिल्यांदा कळते. आम्ही पाहिले, की जी मुलगी उभ्याने खेळताना घाबरून मागे सरत होती, तीच गुडघ्यावर असताना धिटाईने पुढे होत होती. पडायची भीती कमी झाली की डोके चालू लागते.

गुडघ्याचे तीन वैरी

पण डोके वाचवताना गुडघा गमावून चालणार नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅट नवखी होती, तरी ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकची त्यांची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. एवढ्या मोठ्या मल्लाचे गुडघ्यापुढे चालले नाही, तर आपल्या मुलांची काय कथा?

पहिला वैरी म्हणजे टाचांवर बसणे. दोन्ही टाचांवर बूड टेकवून, पावले मागे पालथी पसरून मूल बसले असेल आणि त्याला कुणी सरळ मागे ढकलले, तर पाय निघायला जागाच राहत नाही. सगळा भार गुडघ्याच्या सांध्यावर येतो. वर सांगितलेला मुलगा असाच जायबंदी झाला. यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. एक गुडघा खाली, दुसरा पाय पुढे पूर्ण पाऊल टेकवून. खालच्या पायाचा चवडा आणि बोटे जमिनीत रोवलेली. बूड टाचांवर टेकवायचे नाही. समोरच्यालाही नियम द्यायचा, की टाचांवर बसलेल्याला सरळ मागे रेटायचे नाही, बाजूला वळवून टाकायचे. आणि मागे जातोय असे वाटले, तर जिद्द न करता पाय सोडवून कुशीवर पडायचे. पडण्यात हार नाही, हे शिक्षकाने रोज सांगितले पाहिजे.

दुसरा वैरी म्हणजे आपटणे. पट काढायला शिरताना गुडघा मॅटवरून घसरत पुढे गेला पाहिजे, हातोडीसारखा आदळता कामा नये. तालमीतली माती उकरून, त्यात तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. ती गुडघ्याला सामावून घेते. फरशीवरची पातळ मॅट ते करत नाही. रोज पन्नास वेळा आदळले की वाटीच्या पुढे पाण्याने भरल्यासारखी सूज येते. अशी सूज लाल, गरम झाली आणि अंगात ताप आला, तर त्यात जंतू शिरले असे समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलांना वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टणक उंचवटा येतो आणि गुडघा टेकवला की कळ येते. हे नाटक नसते. वाढत्या हाडावर स्नायूचा ताण आल्याने हे होते. अशा मुलाला काही आठवडे गुडघा टेकवण्याचा, उड्या मारण्याचा सराव बंद ठेवावा. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे दुखणे थांबते.

दोन्ही गुडघे एकदम जमिनीवर टाकून समोरच्याला खांद्यावरून फेकण्याचा एक डाव आहे. मोठ्या स्पर्धांत तो सर्रास दिसतो आणि मुले मोबाईलवर पाहून त्याची नक्कल करतात. जपानमध्ये लहान मुलांच्या स्पर्धांच्या नियमांत तो करायला मनाई आहे. टाकणाऱ्याचे गुडघे आदळतात आणि ज्याला टाकले तो डोक्यावर येऊ शकतो. जी गोष्ट ज्युदोच्या माहेरी मुलांना करू देत नाहीत, ती आपल्या हॉलमध्ये का चालावी?

तिसरा वैरी म्हणजे बाजूने पडणारे वजन. एक जोडी झोंबते आहे आणि शेजारची जोडी लोळत येऊन तिच्या गुडघ्यावर बाहेरून आदळते. पाय रोवलेला असताना असा भार आला की लिगामेंट तुटते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचा गुडघा चालू कुस्तीत दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. एवढ्या मोकळ्या मॅटवर, एवढे पंच-डॉक्टर समोर असताना. मग आपल्या दाटीच्या हॉलमध्ये किती जपायला हवे? दोन जोड्यांमध्ये एक मूल आडवे झोपेल इतकी जागा हवी. तेवढी नसेल, तर निम्म्या मुलांनी खेळावे आणि निम्म्यांनी कडेला बसून पाहावे. पाहूनही शिकता येते.

याच विनेशने योग्य उपचार आणि व्यायाम करून २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ‘मुलींना पाठवू नका’ म्हणणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे. मुलींमध्ये गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण अनेक खेळांत मुलांपेक्षा जास्त आढळते, हे खरे. त्यावर उपाय घरी बसवणे हा नाही. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू बळकट करणे, एका पायावर तोल धरणे आणि उडीवरून उतरताना गुडघे आत न वळू देणे, हा आहे. रोज सरावाआधी पंधरा मिनिटे यालाच द्यावीत, मुलींना आणि मुलांनाही.

लागलेच तर काय करावे

गुडघ्यातून आवाज आला किंवा काही तासांत सूज आली, तर खेळ तिथेच थांबवा. गुडघ्याला विश्रांती द्या, उशीवर पाय उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. दिवसातून चार-पाच वेळा, पहिले दोन दिवस. क्रेप बँडेज बांधा, पण बोटे थंड किंवा निळी पडतील इतके घट्ट नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम तेलाचे चोळणे नको, शेकणे नको आणि कुणाकडूनही पाय ओढून घेणे तर अजिबात नको.

चार पावले टाकता येत नसतील, गुडघा मध्येच अडकत असेल, वाटी सरकलेली दिसत असेल किंवा पाऊल बधिर झाले असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून मुलाला लगेच मॅटवर पाठवू नका. हाडांच्या डॉक्टरांना हाताने तपासून घ्यायला सांगा.

डोक्याला मार लागला असेल, तर मूल ‘बरा आहे’ म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, न जाणारी झोप, विसंगत बोलणे, दोन-दोन दिसणे, झटका, यातले काहीही झाले तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती मोफत आहे.

गुडघ्यावरच थांबू नये

आता दुसरी बाजू. काही वर्गांत मुले वर्षानुवर्षे गुडघ्यावरूनच खेळतात. शिक्षकाला ते सोयीचे पडते. पण स्पर्धा उभ्याने सुरू होते. ज्या मुलाने उभ्याने पकड कधी घेतलीच नाही, तो जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच मिनिटाला नवख्यासारखा आपटतो आणि तेव्हा खाली हातभर कमी उंची नसते. रस्त्यावर कुणी मुलीचा हात धरला, तर तीही उभीच असणार. गुडघ्यावरचा सराव तिला तोल शिकवतो, पण उभ्याने सुटका कशी करून घ्यायची आणि पळायचे कसे, ते वेगळे शिकवावे लागते. नाहीतर आपण तिला खोटा धीर देऊन बाहेर पाठवतो.

म्हणून पायरी ठरलेली असावी. आधी दोघे गुडघ्यावर. मग एक गुडघ्यावर आणि दुसरा उभा. मग दोघे उभे, पण सावकाश आणि विरोध न करता. मग थोडा विरोध. शेवटी पूर्ण खेळ. पुढच्या पायरीवर केव्हा न्यायचे, ते मुलाचे वय पाहून ठरवू नये. पडताना त्याचे डोके मॅटला लागते की नाही, हे पाहून ठरवावे.

आमचे म्हणणे

आपल्या वस्तीतली अनेक मुले-मुली पोलीस भरतीचे स्वप्न पाहतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पंधराव्या वर्षी गेलेला गुडघा विसाव्या वर्षी तिथे नडतो. भरती नाही झाली, तरी आपल्या घरात पोट हातापायावर चालते. ओझे उचलणे, जिने चढणे, उकिडवे बसून काम करणे, हे सगळे गुडघ्यावर असते. श्रीमंताच्या मुलाचा गुडघा गेला तर त्याचा खेळ जातो. आपल्या मुलाचा गेला तर पुढची रोजी जाते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की एक संध्याकाळ काम बाजूला ठेवून वर्गात जाऊन बसा. मुले टाचांवर बसतात की चवडे रोवून? शिक्षक पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात की फेकायला? दोन जोड्यांत जागा आहे का? लागल्यावर ते बर्फ आणतात की ‘मर्द बन’ म्हणतात? सर सांगतात किंवा वस्ताद सांगतात म्हणून मान्य करायचे नाही. पाहायचे, विचारायचे, पटले तर मान्य करायचे. चांगला शिक्षक अशा प्रश्नाने रागावत नाही.

विहार समितीच्या बंधू-भगिनींनाही एक सांगणे आहे. ज्युदोची मॅट एक मीटर बाय दोन मीटरची, चार सेंटीमीटर जाडीची असते. एकदम सगळा हॉल झाकणे जमणार नाही, हे आम्हाला कळते. पण दरवर्षी वर्गणीतला एक वाटा बाजूला काढून चार-चार मॅट घेतल्या, तर काही वर्षांत हॉल भरेल. स्पीकरच्या भाड्याला आपण कमी पडत नाही, मग मॅटला का पडावे?

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. फिजिओथेरपीचे व्यायाम त्याने चिकाटीने केले. मागच्या महिन्यात तो पुन्हा हॉलमध्ये आला. डॉक्टरांनी झोंबी अजून बंद ठेवायला सांगितली आहे, म्हणून तो कडेला बसतो आणि लहान मुलांवर नजर ठेवतो. कुणी टाचांवर बसले की तिथूनच ओरडतो, “ए, चवडा रोव!”